नरक्या: झाडात औषध आहे, पण झाड हेच औषध नव्हे

कॅन्सरचे निदान झाले की घरात दोन प्रकारचे सल्ले एकाच वेळी येऊ लागतात. एक सल्ला रुग्णालयातून येतो: तपासण्या, शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार. दुसरा पाहुण्यांकडून, शेजाऱ्यांकडून आणि मोबाइलवरून येतो: ‘अमक्या झाडाची साल आणा, उकळून महिनाभर घ्या, गाठ विरघळते.’

भोर, वेल्हे, मुळशी, महाबळेश्वर या सह्याद्रीच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हा दुसरा सल्ला जवळचा वाटणे साहजिक आहे. भोरहून मांढरदेवीच्या रस्त्याला लागले की आंबवडे येते. तिथल्या नागेश्वर मंदिराभोवतीची दाट झाडी आणि झुलता पूल पाहायला लोक लांबून येतात. अशा गावात वाढलेल्या माणसाला रान परके नसते. कुठला पाला जखमेवर लावायचा, कुठले फळ पोटाला चालते, हे त्याला घरातूनच कळलेले असते. ‘आपल्याच डोंगरात कॅन्सरचे औषध आहे’ असे कुणी सांगितले, तर त्याला ते पटते.

त्यात अवघड गोष्ट अशी की हे वाक्य खोटे नाही. आपल्या डोंगरांत कॅन्सरचे औषध देणारे झाड खरोखरच आहे. त्याचे नाव नरक्या. त्याच्यापासून बनलेली औषधे आज जगभर दिली जातात. तरीही त्याची साल उकळून पिऊ नका, असे मी सांगणार आहे. माझ्या मते ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, हे समजले की कुठल्याही वनौषधीबद्दलचा दावा तपासायची किल्ली तुमच्या हाती येते.

हे झाड कोणते?

नरक्या हे सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलात वाढणारे लहान झाड आहे. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. जुन्या पुस्तकांत ते मॅपिया फिटिडा या नावाने सापडते. पावसाळ्यात त्याला पिवळसर पांढरी फुले येतात आणि त्यांना उग्र, नकोसा वास असतो. त्या वासाची खूण त्याच्या नावातही उमटली आहे.

नावांचा घोळ मात्र इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. नरक्याला काही भागांत ‘गाणेरा’ किंवा ‘घाणेरा’ म्हणतात. ‘घाणेरी’ म्हणजे मात्र टणटणी, रस्त्याकडेला रंगीबेरंगी फुले येणारे अगदी वेगळे झुडूप. याहून गंभीर गोष्ट म्हणजे कोकणाच्या बाजूला नरक्याला ‘अमृता’ असेही म्हणतात, आणि ‘अमृता’ हे गुळवेलीचे संस्कृत नाव आहे. कुणी फोनवरून ‘अमृता घ्या’ म्हणाले, तर समोरचा माणूस कुठली वनस्पती आणेल, याची खात्री कोण देणार? एक वेल आहे, दुसऱ्यात पेशी मारणारे रसायन आहे.

औषध कसे सापडले?

या गोष्टीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्याला फारसा ठाऊक नसतो.

नंदुरबारमध्ये १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले. पुढे अमेरिकेत पीएचडी करून ते नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी एका चिनी झाडातून कॅन्सरच्या पेशींवर परिणाम करणारे द्रव्य वेगळे केले. त्याची रचना १९६६ साली प्रसिद्ध झाली. त्या द्रव्याचे नाव कॅम्पटोथेसिन. याच दोघांच्या गटाने १९७१ मध्ये टॅक्सॉल या दुसऱ्या मोठ्या औषधाचीही रचना जगापुढे आणली. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरसाठी ते आजही वापरले जाते.

मूळ झाड चीनमधले. १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवून दिले की तेच कॅम्पटोथेसिन आपल्या नरक्यातही आहे आणि चांगल्या प्रमाणात आहे. नरक्याची आजची ख्याती अशी प्रयोगशाळेतून आलेली आहे. ‘पूर्वापार चालत आलेला कॅन्सरवरचा उपाय’ म्हणून कुणी ते विकत असेल, तर हा इतिहास त्याला जरूर सांगा.

द्रव्य सापडले म्हणजे औषध मिळाले, असे मात्र झाले नाही. १९७० च्या सुमारास अमेरिकेत रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. कॅम्पटोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून शिरेतून दिला गेला. रुग्णांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या, तीव्र उलट्या-जुलाब झाले, काहींच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. गुण आला, तोही अपेक्षेइतका नाही. चाचण्या थांबवाव्या लागल्या.

पुढची अनेक वर्षे हे द्रव्य बाजूला पडून होते. १९८५ मध्ये ते पेशीत नेमके कुठे काम करते हे कळले आणि पुन्हा आशा निर्माण झाली. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत बदल करून ते पाण्यात विरघळेल, मोजून देता येईल असे केले. त्यातून दोन औषधे तयार झाली. इरिनोटेकॅन १९९४ मध्ये जपानमध्ये आणि १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. टोपोटेकॅनलाही १९९६ मध्ये मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये इरिनोटेकॅन आणि अंडाशय, फुप्फुस व गर्भाशयमुखाच्या काही कॅन्सरमध्ये टोपोटेकॅन दिले जाते. स्तनाच्या कॅन्सरसाठी अलीकडे आलेल्या काही नव्या इंजेक्शनांत याच कुळातला रेणू प्रतिपिंडाला जोडून थेट गाठीकडे पाठवला जातो.

झाडातून द्रव्य वेगळे होण्यापासून रुग्णाला सुरक्षितपणे औषध मिळेपर्यंत सुमारे तीस वर्षे गेली. साल उकळून पिणारा माणूस ही तीस वर्षे ओलांडून थेट १९७० च्या, किंबहुना त्याआधीच्या काळात जाऊन बसतो.

पेशीत नेमके काय होते?

सुताच्या दोरीला खूप पीळ दिला की तिला गाठी पडतात. पेशी दुभंगण्याआधी आपल्या डीएनएच्या लांबलचक धाग्याची नक्कल करते, तेव्हा असाच पीळ साचतो. तो सोडवायला पेशीत एक विकर असते. ते धाग्याची एक बाजू कापते, पीळ उलगडते आणि कापलेली टोके पुन्हा जोडते. कॅम्पटोथेसिन नेमके जोडण्याच्या वेळी मध्ये येऊन बसते. धागा तुटलेलाच राहतो आणि पेशी मरते.

कॅन्सरच्या पेशी सतत दुभंगत असतात, म्हणून त्यांना हा फटका जास्त बसतो. पण शरीरात आणखीही काही पेशी भराभर दुभंगतात: अस्थिमज्जेत रक्त तयार करणाऱ्या, आतड्याचे अस्तर बनवणाऱ्या, केसांच्या मुळाशी असणाऱ्या. म्हणून या औषधांनी पांढऱ्या पेशी घटतात, जुलाब होतात, केस गळतात. हे दुष्परिणाम औषधाच्या कामातच गुंफलेले आहेत. झाडातून आलेले द्रव्य असो की सलाईनमधून आलेले, पेशीला तो फरक कळत नाही.

मग साल उकळून घेतली तर काय बिघडले?

पहिला प्रश्न मात्रेचा. नरक्यात कॅम्पटोथेसिन किती असते? कुठे हजार भागांत एक भाग, कुठे त्याच्या कित्येक पट. झाडाचे वय, जागा, हंगाम, साल घेतली की लाकूड की मूळ, या सगळ्यांवर ते अवलंबून असते. म्हणजे दोन चमचे भुकटीत आज जेवढे द्रव्य गेले, त्याच्या दसपट पुढच्या पुडीत जाऊ शकते. रुग्णालयात इरिनोटेकॅनचा डोस उंची आणि वजन घेऊन, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने मिलिग्रॅममध्ये काढतात. दर फेरीआधी रक्त तपासतात. पांढऱ्या पेशी कमी असतील तर डोस पुढे ढकलतात किंवा घटवतात. पुडी देणारा यातले काय तपासतो?

दुसरा प्रश्न विरघळण्याचा. कॅम्पटोथेसिन पाण्यात नीट उतरत नाही, त्यामुळे काढ्यात ते फार थोडे आणि बेभरवशाचे येते. तेव्हा एक तर काहीच उपयोग होत नाही आणि मोलाचे महिने वाया जातात. किंवा भुकटी पोटात गेली तर विषाची मात्रा किती झाली हे कळायला मार्ग राहत नाही.

तिसरा प्रश्न माणसामाणसांतल्या फरकाचा. इरिनोटेकॅनचे शरीरातले सक्रिय रूप यकृतातल्या एका विकरामुळे निकामी होऊन बाहेर पडते. काही जणांत हे विकर जन्मतःच मंद असते. अशांना नेहमीचा डोसही जड जातो. म्हणून ‘आमच्या मामांना चालले’ हा पुरावा तुमच्या कामाचा नाही.

केमो चालू असताना ‘सोबत’ घेतले तर?

बरेच रुग्ण म्हणतात, ‘डॉक्टर, तुमचे उपचार आम्ही सोडत नाही. त्याच्या जोडीला घेतो, अपाय तर नाही ना?’ या प्रश्नाला इरिनोटेकॅनच्याच बाबतीत एक स्पष्ट उत्तर उपलब्ध आहे.

युरोपात सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती उदासपणावर घेतात. दुकानात सहज मिळते, निरुपद्रवी समजली जाते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००२ मध्ये इरिनोटेकॅन घेणाऱ्या पाच रुग्णांचे रक्त तपासले, एकदा ही वनस्पती चालू असताना आणि एकदा नसताना. ती चालू असताना औषधाच्या सक्रिय रूपाचे रक्तातील प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले. रुग्णाला काहीच जाणवत नव्हते. फक्त केमो जवळपास अर्धी झाली होती.

पाचच रुग्ण, छोटा अभ्यास. पण त्याचे कारण समजलेले आहे: ही वनस्पती यकृताला औषधे लवकर निकाली काढायला लावते. म्हणून कर्करोगतज्ज्ञ तिच्यापासून दूर राहायला सांगतात. आपल्याकडे काढ्यात एकदम आठ-दहा वनस्पती असतात आणि त्यांची केमोशी काय गाठ पडते, हे क्वचितच कुणी मोजलेले असते. मोजलेले नाही याचा अर्थ ‘अपाय नाही’ असा होत नाही.

पिओनीच्या काढ्याची गोष्ट

वनौषधींना विज्ञानात जागाच नाही, असा याचा अर्थ घेऊ नका. एक उदाहरण नरक्याच्या औषधाशी थेट जोडलेले आहे.

चीनमध्ये पिओनी नावाच्या सुंदर फुलझाडाचे मूळ शतकानुशतके औषधात वापरतात. पिओनीची एक जात आपल्या हिमालयातही आहे, आणि युनानी औषधांत तिला ‘ऊद सलीब’ म्हणतात. पिओनीचे मूळ, ज्येष्ठमध आणि आणखी दोन वनस्पती मिळून बनणारा सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा एक चिनी काढा पोटाच्या तक्रारींवर दिला जाई. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी विचारले: इरिनोटेकॅनमुळे होणारे जुलाब याने आटोक्यात येतील का?

त्यांनी आधी हा काढा दर वेळी सारखाच बनेल याची पद्धत बसवली, कारण प्रत्येक खेपेला वेगळा निघणाऱ्या पदार्थाची चाचणीच होऊ शकत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंदरांमध्ये आतड्याची इजा कमी झाली आणि औषधाचा गाठीवरचा परिणाम टिकून राहिला. त्यानंतर माणसांवर छोट्या चाचण्या झाल्या. निष्कर्ष आशादायक आहेत, पण केमोच्या रुग्णांना सर्रास द्यावे इतका पुरावा त्यांतून उभा राहिलेला नाही. म्हणून पिओनीची पावडर आणून तुम्हीही घ्या, असे मी म्हणणार नाही.

मला यात महत्त्वाची वाटते ती रीत. जुन्या ज्ञानाचा आदर करायचा तर त्याला प्रश्न विचारायचे, सारखेपणा तपासायचा, मोजायचे आणि उत्तर जे येईल ते मान्य करायचे.

उपचार सोडून झाडपाला धरला तर?

याचे आकडे उपलब्ध आहेत. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बरे होण्याजोग्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी प्रमाणित उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी केली गेली. पर्यायी उपचारवाल्यांचा मृत्यूचा धोका एकंदर अडीच पट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पाच पटींहून अधिक, तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये चार पटींहून अधिक निघाला.

लक्षात घ्या, सर्वांत जास्त नुकसान त्या कॅन्सरमध्ये झाले ज्यांवर आज चांगले उपचार आहेत. लवकर सापडलेली स्तनातली गाठ बरी होऊ शकते. सहा महिने लेप लावून थांबलेली गाठ तेवढी सोपी राहत नाही.

दोष फक्त रुग्णाचा नाही

माणसे झाडपाल्याकडे अज्ञानामुळेच वळतात, असे मला वाटत नाही. डोंगरातल्या गावातून पुण्याला यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, सोबत एक माणूस लागतो, राहण्याची सोय नसते. केमोची भीती असते. रुग्णालयात कुणी पाच मिनिटे बसून समजावत नाही. पुडी देणारा मात्र हात हातात घेऊन तासभर बोलतो. तो धीर खरा असतो, फक्त औषध खोटे असते.

म्हणून माझ्या व्यवसायातल्या सहकाऱ्यांनाही एक सांगावेसे वाटते. ‘झाडपाला घेता का?’ हे रागावून विचारले तर रुग्ण ‘नाही’ म्हणतो आणि घरी जाऊन घेतो. सहज, न चिडता विचारले तर पुडी टेबलावर येते. ती टेबलावर येणे हेच रुग्णाच्या जिवासाठी महत्त्वाचे आहे.

तुम्ही काय करावे?

१. नरक्याची साल, लाकूड, मूळ किंवा भुकटी कोणत्याही कारणासाठी पोटात घेऊ नका. ‘प्रतिबंध म्हणून’ तर मुळीच नको.

२. हाच नियम अंगणातल्या सदाफुलीलाही लागू आहे. तिच्यातून रक्ताच्या कॅन्सरवरची औषधे मिळतात, म्हणून साखरेसाठी तिची पाने-फुले चघळणे सुरक्षित ठरत नाही.

३. काही घेतच असाल तर लपवू नका. पुडी, बाटली, पाला, जे असेल ते तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवा. आयुर्वेदाचे उपचार हवे असतील तर नोंदणीकृत वैद्यांकडूनच घ्या आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

४. केमो चालू असताना ताप आला, थंडी वाजली, दिवसात अनेकदा पातळ जुलाब झाले, लघवीतून किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर काढा उकळत बसू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना साधा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो.

५. कुणी झाडाचे औषध सुचवले तर चार प्रश्न विचारा. हे झाड नेमके कोणते? त्यातले द्रव्य किती आणि दर वेळी तेवढेच आहे का? किती रुग्णांवर, कशाशी तुलना करून तपासले? त्रास झाला तर जबाबदार कोण?

६. खर्चासाठी उपचार थांबवण्याआधी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयांत कॅन्सरच्या अनेक शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार विनाशुल्क होतात. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा, कागदपत्रे तोच सांगेल.

आणि झाडाचे काय?

कॅम्पटोथेसिनला जगभर मागणी आली तशी सह्याद्रीतल्या नरक्यावर कुऱ्हाड पडली. द्रव्य सालीत, लाकडात आणि मुळांत असते, त्यामुळे झाड नुसते छाटून भागत नाही. मुळासकट उपटले जाते. वन विभागाने चोरट्या मार्गाने चाललेला माल वेळोवेळी पकडला आहे. तोडणाऱ्याला मजुरी मिळते, जंगलाला खड्डा उरतो.

२००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी दाखवले की नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीही प्रयोगशाळेत कॅम्पटोथेसिन बनवू शकते. ही वाट पुढे किती जाईल हे संशोधन ठरवेल. पण झाडच संपले तर असले प्रश्न विचारायलाही काही उरणार नाही. घरगुती पुड्यांसाठी होणारी तोड ही मोठ्या व्यापारापुढे लहान असेल; तरी ज्या तोडीने एकाही रुग्णाचे भले होत नाही, तिचे समर्थन कसे करणार?

तेव्हा आपल्या डोंगरात कॅन्सरचे औषध आहे, याचा अभिमान जरूर बाळगा. नंदुरबारच्या मुलाने आणि गोरेगावच्या प्रयोगशाळेने त्यात भर घातली, हे मुलांना सांगा. पण ते औषध घ्यायची वेळ आलीच, तर सलाईनमधून, मोजून, रक्त तपासून घ्या. आणि रानातले झाड रानात उभे राहू द्या.